माझी घंटी तिच्या हँडलला

ज्या उन्हाळ्यात नरेशचं लग्न झालं, त्याच उन्हाळ्यात मी धोंडबा मेश्रामच्या घरी आले. छत्तीसगड वेगळं राज्य होऊन तेव्हा चौथं वर्ष चालू होतं, म्हणजे ते साल दोन हजार चार. लग्नघरात नवी सायकल दिसली की लोक जे समजायचं ते समजतात. पाहुणे माझ्या सीटवर हात ठेवून विचारत, सुनेकडून आली का? धोंडबा प्रत्येकाला थांबवून सांगे की हुंड्यात आमच्या घरी सुतळीचा तोडाही आलेला नाही, ही सायकल नवरदेवाच्या बापानं स्वतःसाठी घेतली आहे. मांडव उतरेपर्यंत त्यानं हे कितीदा सांगितलं असेल कोण जाणे. मित्रांनो, मी एक जुनी काळी सायकल आहे, पण कुणाच्या हुंड्यात आलेली नाही, एवढं आधी सांगून ठेवते.

माझे भाग खोक्यांत बांधून रेल्वेनं भिलाईला आले. पॉवर हाउसच्या बाजारात एका मिस्त्रीनं मला उभं केलं. त्यानं चाकांत तारा ओवल्या, रॉडचे ब्रेक बसवले, चेनवर पत्र्याचं झाकण चढवलं. धोंडबा तेवढा वेळ शेजारी उभा राहून प्रत्येक नट पाहत होता. घंटी मात्र त्याच्या बायकोनं, शेवंतानं निवडली. दुकानदारानं घंट्यांचा डबा पुढे केला आणि तिनं एकेक वाजवून पाहिली. ही बसकी, ही किरकिरी, ही शाळेच्या चपराशाची. शेवटी डब्याच्या तळातून एक पितळी घंटी निघाली. ती वाजली तेव्हा रस्त्यावरच्या दोन माणसांनी मागे वळून पाहिलं. शेवंता म्हणाली, हीच.

धोंडबा प्लांटमध्ये, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, तेलवाला होता. लोखंड लाटणारे मोठे मोठे रूळ ज्या बेअरिंगांवर फिरतात, त्यांना वेळच्या वेळी तेल आणि ग्रीस देणं हे त्याचं काम. बेअरिंग गरम झालं की त्याच्यावर शिव्या यायच्या, आणि सगळं नीट फिरलं तर त्याचं नावही कुणी घेत नसे. तीस वर्षांत त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. जे फिरतं त्याला तेल द्यायचं, आणि काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी द्यायचं.

माझ्यावर त्याचा हाच नियम चाले. दर रविवारी सकाळी तो लांब चोचीची कुप्पी घेऊन माझ्यापाशी उकिडवा बसे. आधी चिंधीनं पुसणं, मग चेन, मग दोन्ही चाकांचे मध्य, मग ब्रेकचे सांधे. तेल आत उतरलं की मी हलकी होई. शेवंता दारातून बघत असे. तिनं माझं नावच ठेवलं होतं, सवत.

"सवतीले तेल पाजणं झालं असन तर घरच्या बाईले पाणी भरू लागा," ती म्हणे. धोंडबा हसे, पण कुप्पी खाली ठेवत नसे. तेव्हा मला फार बरं वाटायचं. जळणाऱ्या माणसाला काय होतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

कामाची ती वर्षं भरून वाहणारी होती. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट. गेटाजवळच्या स्टँडवर माझ्यासारख्या शेकडो काळ्या सायकली उभ्या असत, पण धोंडबा सरळ माझ्यापाशी येई आणि हेल्मेट माझ्या हँडलला अडकवी. त्रेपन्नाव्या वर्षी तो अक्षरं शिकायला लागला. संध्याकाळच्या वर्गाला मीच त्याला नेत असे. परत येताना तो दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत सायकल चालवी. एका मोठ्या जोडाक्षरापाशी आम्ही दोघंही नालीत गेलो होतो. मला जी काही अक्षरं येतात, ती त्याच्याबरोबर आलेली आहेत.

एकदा अहिवाऱ्याच्या रस्त्यावर, चुनखडीच्या ट्रकांच्या धुळीत, माझ्या मागच्या मडगार्डचा बोल्ट पडला. धोंडबानं तिथेच तार बांधली. तार कधी घट्ट राहिली नाही, आणि तेव्हापासून मी खडखडत चालते. नरेश हथखोजच्या एका लहान कारखान्यात बोल्टच बनवतो. तो कितीदा तरी म्हणाला, बाबा, एक बोल्ट आणून लावतो, सगळी कॉलनी हसून राहिली. पण नरेशला दोन हजार सहा साली मुलगी झाली, प्रेरणा, आणि ती रांगायला लागली तेव्हा एक गंमत घडली. गल्लीच्या तोंडाशी माझा खडखडाट ऐकला की ती हातातलं टाकून दाराकडे धावत रांगे. आबाजी आले हे तिला माझ्यावरून कळे. मग बोल्टाची गोष्ट धोंडबानं कायमची बंद केली.

चौदा एप्रिलला मला धुऊन पुसून हँडलला निळा झेंडा बांधत. पुढच्या दांडीवर लहान सीट, सीटवर प्रेरणा, मागे कॅरियरवर पांढऱ्या साडीत शेवंता. रॅलीत मोटारसायकली पुढे निघून जात, आम्ही मागून खडखडत पोचत असू, आणि लोक हसून वाट देत. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस.

धोंडबा निवृत्त झाला, प्लांटचं क्वार्टर सुटलं आणि आम्ही हुडको कॉलनीत राहायला आलो. त्याच्या छातीत आता घरघर असे, तो मला बाजारापुरतंच नेई. पण प्रेरणा माझ्यावर सायकल शिकली. आधी दांडीखालून पाय घालून, मग दांडीवरून, मग सीटवर. भिलाई ताटासारखी सपाट आहे. चढ म्हणून आमच्याकडे एकच, रेल्वेचा ओव्हरब्रिज. प्रेरणा पहाटे मला घेऊन त्या पुलावर वीस-वीस वेळा चढे. वर पोचली की थांबून घंटी दोनदा वाजवी, आणि मग उतारावर सोडे. दोनदा घंटी म्हणजे निघाले, हे तिचं ठरलेलं होतं. शाळांच्या शर्यतीत बारीक टायरच्या सायकलींमध्ये ती माझ्यावर बसून दुसरी आली. बक्षीस देणारे गृहस्थ म्हणाले की या मुलीला चांगली सायकल मिळाली तर ती कुठल्या कुठे जाईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, चांगली सायकल मिळाली तर, असं ते म्हणाले, आणि मी तिथेच उभी होते.

दोन हजार तेवीसच्या मार्चमध्ये नरेशनं ती आणली.

ती निळी होती. तिला एकवीस गियर होते. तिला स्टँड नव्हता, म्हणून तिला भिंतीला टेकवून ठेवावं लागे, आणि भिंतीला टेकवायची म्हणून तिला घरात घेत. मी स्वतःच्या पायावर उभी राहू शकते, म्हणून माझी जागा व्हरांड्यात. तिला मडगार्ड नव्हतं, कॅरियर नव्हतं. शेवंताला ती जन्मात कुठे नेऊ शकली नसती. हे मी दिवसभर मनात मोजत बसे. गल्लीतली पोरं येऊन तिला एका बोटानं उचलून पाहत आणि मग माझ्याकडे बघत.

पहिल्याच आठवड्यात धोंडबा पाना घेऊन आला. मला वाटलं, माझं काहीतरी घट्ट करायला. त्यानं माझ्या हँडलवरची घंटी काढली, चिंधीनं चमकवली, आत नेली आणि तिच्या हँडलला बसवली. म्हणाला, पोरगी मोठ्या रस्त्यावर जाते, तिच्या सायकलीला घंटी नाही, असं कसं चालेल. शेवंता म्हणाली, "मी निवडली होती थे घंटी. सवतीले विचारलं काय तुमी?" ती थट्टेनं म्हणाली. पण त्या घरात माझी बाजू घेणारं तेवढं एकच वाक्य बोललं गेलं, आणि तेही जी मला आयुष्यभर सवत म्हणत आली तिच्याकडून.

त्या वर्षी चौदा एप्रिलला निळा झेंडा निळ्या सायकलीला लागला. मी व्हरांड्यातून पाहिलं. रविवारी कुप्पी निघे, पण आधी आत जाई. उरलेलं तेल माझ्याकडे येई. मी मनात म्हणे, गंज चढू दे तिला. पुढे पुढे याहून वाईट म्हणू लागले. पडू दे, म्हणू लागले. तिच्यावर बसलेलं माणूस कोण आहे याचा मी विचारच केला नाही. जळताना तेवढी एक गोष्ट दिसत नाही.

डिसेंबरात प्रेरणाच्या सायकल क्लबनं हवाघाटीला जायचं ठरवलं. राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणी ओलांडून पुढे गेलं की तो घाट लागतो. चार किलोमीटर सरळ चढ, नऊ वळणं, आणि वर उघडा माळ. तिथे वारा इतका असतो की झाडंही एका बाजूला झुकून वाढलेली आहेत. वर पहिल्या तिघांत जो पोचेल त्याला क्लब राज्याच्या स्पर्धेला पाठवणार होता. प्रेरणाला दुसरं काही सुचत नव्हतं. धोंडबालाही सुचत नव्हतं, पण वेगळ्या कारणानं. एकोणिसाव्या वर्षी, प्लांटमध्ये लागायच्या आधी, त्यानं त्याच रस्त्यासाठी गिट्टी फोडली होती. मी येणार म्हणाला. शेवंता नको म्हणाली, डॉक्टरांचं नाव घेतलं, छातीचं नाव घेतलं. धोंडबा म्हणाला, पायथ्याशी बसून चहा पिईन. मग हळूच म्हणाला की सायकलही नेईन, पहिल्या वळणापर्यंत चालवीन, फोडलेली गिट्टी कशी आहे पाहीन. अशी मी क्लबच्या गाडीत चढले.

पण त्याच्या आदल्या दिवसाचं सांगायला हवं. शनिवारी दुपार कलली तेव्हा प्रेरणा बूट धूत होती. धोंडबानं निळी सायकल अंगणात आणली आणि तिच्यापाशी उकिडवा बसला. मी चार हातांवर होते. तिच्या दोन्ही चाकांच्या मध्याशी लोखंडाची एकेक चकती होती, बशीपेक्षा थोडी मोठी. धोंडबानं चेनला तेल दिलं, गियरना दिलं. मग त्याची नजर चकत्यांवर गेली. फिरणारं उघडं लोखंड, आणि त्यावर तेलाचा डागही नाही. तो मान हलवत म्हणाला, "एवढी महाग चीज, अन् कोरडी ठेवली पाह्य." त्यानं कुप्पीची चोच लावली, चाक फिरवत फिरवत दोन्ही चकत्यांना तेल दिलं आणि बोटानं सारखं केलं. चकत्या आरशासारख्या चमकायला लागल्या. कुप्पी रिकामी झाली. त्या दिवशी माझ्या वाट्याला एक थेंबही आला नाही.

मला फक्त तेवढंच दिसलं. माझं तेल गेलं.

रविवारी पहाटे गुड्डूच्या गाडीत सगळ्या सायकली लादल्या. गुड्डू म्हणजे क्लबचा ड्रायव्हर. पायथ्याशी एक चहाची टपरी होती. मुलं उतरली आणि लगेच चढाला लागली, नऊ जण. चढावर ब्रेक कुणाला लागतो? प्रेरणा जाताना आबाजींच्या पाया पडली आणि निळ्या सायकलीवर उभी राहून पायडल मारत पहिल्या वळणाआड गेली. गुड्डू डिझेल भरायला राजहऱ्याकडे परत गेला. धोंडबा टपरीच्या बाकावर बसला आणि त्यानं मला स्वतःच्या गुडघ्याला टेकवलं.

दहा मिनिटांत पायल खाली आली. ती प्रेरणाची मैत्रीण. तिच्या पोटरीत गोळा आला होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि ती सायकल ढकलत लंगडत होती. धोंडबानं तिला बसवलं, चहा सांगितला, आणि तिचं मन दुसरीकडे जावं म्हणून बोलत राहिला. पायलला मराठी समजे, बोलता येत नसे. धोंडबा सांगत होता की तुमची पोरं सायकलींची निगा राखत नाहीत. काल प्रेरणाच्या सायकलीची चाकं पाहिली, मधल्या त्या लोखंडी ताटल्या पार कोरड्या, मीच तेल दिलं म्हणून बरं.

पायलनं ग्लास खाली ठेवला.

"दादाजी, डिस्क में तेल डाला? दोनों में?"

"दोनों में. चमकाऊन टाकल्या."

"दादाजी, वही तो ब्रेक है." ती उभी राहू पाहत होती आणि पाय तिला राहू देत नव्हता. "उसी को पकड़ के गाड़ी रुकती है. तेल लग गया तो कुछ नहीं पकड़ेगा. ऊपर तो चढ़ जाएगी. उतरेगी कैसे?"

माझे ब्रेक चाकाची कडा धरतात. त्या कडेला धोंडबानं वीस वर्षांत कधी तेलाचं बोट लागू दिलं नव्हतं. हे त्याला कळत होतं, इतकं कळत होतं की पायलचं वाक्य संपायच्या आत तो बाकावरून उठला. पायलनं फोन काढला. घाटात रेंज नव्हती. टपरीवाल्याकडे गाडी नव्हती. वरचा उतार सुरू झाला की चौथ्या वळणापर्यंत एका बाजूला दरी आहे आणि कठडा नाही, हे त्या बाकावर धोंडबाइतकं कुणाला माहीत नव्हतं. पायलला त्यानं रस्त्यावर उभं राहून गुड्डूला वर पाठवायला सांगितलं. आणि मला हँडलला धरून उभं केलं.

मित्रांनो, मी बावीस किलोची आहे. मला गियर नाही. धोंडबा एकाहत्तर वर्षांचा होता.

पहिल्या वळणापर्यंत तो माझ्यावर बसून गेला, जसं तो म्हणाला होता. तिथून वारा लागला. वारा समोरून, वरून खाली येत होता, लाल धूळ घेऊन. दुसऱ्या वळणाला तो उतरला आणि मला ढकलू लागला. कुठे रस्ता जरा सपाट होतो ते त्याला आठवत होतं; तिथे तो पुन्हा बसे, वीस-तीस पायडल मारी, पुन्हा उतरे. पाचव्या वळणानंतर तो मला ढकलत नव्हता, माझा आधार घेत होता. मी त्याची काठी झाले होते. त्याच्या छातीतून कोरड्या बेअरिंगसारखा आवाज येत होता. तो आवाज त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांत ऐकला होता.

आणि मी काय करत होते, ते खरं सांगते. मला आनंद झाला होता. तिच्यामुळे अडलं आणि मला बाहेर काढावं लागलं, याचा आनंद. तो सहाव्या वळणापर्यंत टिकला. सहाव्या वळणाला वरून तीन मुलं उतारावर सुसाट आली. धोंडबानं हात वर केला, पण आवाज निघाला नाही. "दादाजी, साइड!" एवढं ओरडून ती गेली. म्हणजे वरचे खाली यायला लागले होते. आणखी दोघं गेली. आणखी दोघं. धोंडबानं बोटांवर मोजलं. फक्त प्रेरणा राहिली होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गेले नऊ महिने मी ज्या पडण्याची वाट पाहत होते, ते कुणाचं पडणं आहे.

आठवं वळण संपलं आणि वर माथा दिसला. प्रेरणा पहिल्या तिघांत पोचली होती, हे नंतर कळलं. सगळे उतरल्यावर ती मागे थांबून आबाजींनी ज्यासाठी गिट्टी फोडली त्या रस्त्याचे फोटो काढत होती. आता ती निळ्या सायकलीवर बसली होती, तोंड उताराकडे, एक पाय पायडलवर. आम्ही दीडशे पावलं खाली होतो. धोंडबानं तोंड उघडलं, आणि त्यातून फक्त वारा निघाला.

वरून आवाज आला. माझी घंटी. एकदा.

वारा आमच्याकडे येत होता म्हणून ती आम्हाला ऐकू आली. आमच्याकडून तिला काहीच जाणार नव्हतं. माझ्या हँडलवर घंटीची जागा रिकामी होती. धोंडबाचा अंगठा सवयीनं त्या जागेवर गेला आणि नुसता दांडीवर घसरला.

मग त्यानं मला कॅरियरला धरून मागून उचललं. उरलेलं सगळं बळ लावून उचललं, आणि रस्त्यावर आपटलं. माझं मडगार्ड, चेनचं झाकण, ती सैल तार, सगळं एकदम खडखडलं. पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा माझं झाकण निघून लोंबायला लागलं आणि मी आयुष्यात कधी केला नव्हता एवढा आवाज केला.

दुसरी घंटी वाजली नाही. प्रेरणानं पायडलवरचा पाय खाली ठेवला. तो आवाज ती रांगत होती तेव्हापासून ओळखत होती.

ती निळी सायकल तिथेच आडवी टाकून धावत खाली आली. धोंडबा रस्त्याच्या कडेला गिट्टीवर बसला होता. आबाजी, तुम्ही वर कावून आले, आजीनं नाही म्हटलं होतं ना, असं काय काय ती विचारत होती. त्याला बोलता येईना. त्यानं हातानं ब्रेक दाबल्यासारखं केलं आणि वर बोट दाखवलं. प्रेरणा वर गेली, ब्रेक दाबून धरला आणि सायकल ढकलून पाहिली. चाक फिरत राहिलं. तिनं सायकल मैलाच्या दगडाला टेकवली. मग दरीकडे एकदा पाहून परत आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"मीनं तेल टाकलं, बाई," धोंडबा म्हणाला. "काल. दोन्ही चकत्याले. चांगलं होईन म्हणून टाकलं."

प्रेरणानं त्याचा हात हातात घेतला. बोटांच्या रेघांत अजून काळं तेल होतं.

"तेलवाले," ती म्हणाली, "तुमी तर रिटायर झाले ना? मग ड्यूटी कावून करून राहिले?"

तो हसायला गेला आणि खोकत राहिला. ती त्याची पाठ चोळत होती आणि तोंड दुसरीकडे वळवून रडत होती, हे मला माझ्या जागेवरून दिसत होतं. त्याला दिसलं नाही.

उतरताना तिनं आबाजींना माझ्या कॅरियरवर बसवलं आणि माझे दोन्ही ब्रेक दाबून, पाय रस्त्याला टेकवत, हळूहळू आम्हाला आणलं. निळी सायकल माथ्यावर मैलाच्या दगडाला टेकवून ठेवली होती. वाऱ्यानं ती घसरली आणि पडली. तिला स्टँड नाही. मला तिची दया आली असं सांगितलं तर खोटं होईल. पण तिच्या हँडलला माझी घंटी होती. तिसऱ्या वळणावर गुड्डूची गाडी भेटली, आणि तीच पुढे वर जाऊन निळीला घेऊन आली. तोवर माझ्या ब्रेकचे रबर घासून संपले होते.

घरी शेवंतानं तीन दिवस धोंडबाशी अबोला धरला, आणि मला मात्र ओल्या फडक्यानं स्वतः पुसलं. निळीला ब्रेकचे नवे गुटके लागले. प्रेरणानं पाना घेतला, घंटी काढली आणि माझ्या हँडलवर बसवायला आली. मी वाट पाहत होते. धोंडबा व्हरांड्यात खाटेवर होता. म्हणाला, "राहू दे तुह्याच सायकलीले. हिले घंटीचं काम नाही. हिचा आवाज लोकाले मालूम आहे."

प्रेरणानं माझ्याकडे पाहिलं आणि ती घंटी परत आत घेऊन गेली. त्याचं ते बोलणं मी रोज आठवते. ते कौतुकच होतं. तरी मला घंटी हवी होती. सकाळी ती सरावाला निघाली आणि अंगणात दोनदा घंटी वाजली की अजूनही माझ्या तारा ताणतात. मी सुधारले असं तुम्हाला सांगून फसवणार नाही. फक्त पडू दे असं आता म्हणत नाही.

आता रविवारी तेल प्रेरणा घालते. आधी मला, मग हात साबणानं धुऊन तिला. तिच्या चकत्यांना ती स्पिरिट लावते, माझ्या सांध्यांना तेल. नरेशनं एक दिवस हथखोजहून नवा बोल्ट आणला होता. प्रेरणानं तो घेतला आणि माझ्या सीटखालच्या पिशवीत ठेवून दिला. मडगार्ड सैलच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात जे जुनं आहे त्याला व्हरांड्यात टाकण्याआधी एकदा हलवून त्याचा आवाज ऐका. आणि जे नवं आहे, त्याच्यावर जीव असला तरी हात लावण्याआधी विचारा की तुला काय लागतं. धोंडबानं तीस वर्षांत हजारो चाकं फिरती ठेवली. एकदाच त्यानं विचारलं नाही. ते चुकून झालं, मायेनं झालं, आणि ते निस्तरायला तो एकटा चढून गेला.

शेवंता म्हणते, त्या घाटानं त्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, छाती आधीच गेलेली होती. मला ठरवता येत नाही. वर जाताना त्याचा सगळा भार माझ्यावर होता, एवढंच मला माहीत आहे. धोंडबा मेश्राम सोमवारी, बारा फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी, सकाळी साडेसहा वाजता, हुडकोच्या घरी वारले.